वेलीला ताप आलाय का?

मीटिंग, टार्गेट, ट्रॅफिक... आपला स्ट्रेस आपण दिवसातून दहा वेळा बोलून दाखवतो. द्राक्षाची वेल बोलत नाही. तिचं पान मलूल दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. मग एकही पान न तोडता तिची तहान ओळखायची कशी? गेली चाळीसेक वर्षं या प्रश्नामागे लागलेल्या शास्त्रज्ञांची आणि त्यांच्या अफलातून युक्त्यांची ही गोष्ट.

वीकेण्डला नाशिकची व्हाइनयार्ड टूर आता काही नवीन राहिलेली नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला गाडी लावायची, टेस्टिंग रूममध्ये पाच-सहा प्रकार चाखायचे, वेलींच्या रांगेत उभं राहून फोटो काढायचे आणि रविवारी रात्री कसारा घाटातल्या ट्रॅफिकला शिव्या घालत मुंबई गाठायची. त्या फोटोंमध्ये आपल्यामागे हिरवीगार पानं दिसतात. सगळं कसं मस्त, आलबेल! पण त्याच हिरव्या रांगेतली एखादी वेल त्या क्षणी तहानेनं कासावीस झालेली असू शकते. फोटोत ते दिसत नाही. नुसत्या डोळ्यांनाही दिसत नाही.

गंमत बघा. आपण ऑफिसात ज्याला 'ताण' म्हणतो, अगदी तोच शब्द द्राक्ष बागायतदार वेलीसाठी वापरतात. 'बागेला ताण बसलाय', 'यंदा जरा ताण दिलाय', असं ते सहज बोलून जातात. आणि आपल्यासारखाच वेलीचाही हिशेब आहे. थोडा ताण असला की काम चोख होतं, जास्त झाला की सगळंच कोलमडतं. फरक इतकाच, की आपल्या ताणाचा अंदाज आपला बॉस ढोबळमानाने घेतो आणि वेलीचा ताण चक्क आकड्यात मोजता येतो.

थोडी तहान हवीच

द्राक्षाला भरपूर पाणी दिलं की भरपूर चांगली द्राक्षं, असा आपला समज असतो. वाइनच्या द्राक्षाचं गणित मात्र उलटं आहे. रेड वाइनचा रंग आणि तो जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा मुख्यतः मण्याच्या सालीतून येतो. मणी धरल्यापासून त्यात 'पाणी उतरेपर्यंत', म्हणजे तो मऊ पडून रंग धरेपर्यंत, वेलीला बेताची तहान राहू दिली तर मणी लहान राहतात. लहान मण्यात गराच्या मानाने साल जास्त. साधी भूमिती आहे. १४ मिलीमीटरचा मणी १२ मिलीमीटरवर आला, तर गराच्या प्रमाणात सालीचा पृष्ठभाग साधारण १७ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ग्लासात जास्त रंग, जास्त चव.

आपण पेटीने विकत घेतो त्या खाण्याच्या द्राक्षाचं पुन्हा वेगळंच. तिथे मणी टपोरा हवा. निर्यातीचा माल असेल तर मण्याचा व्यास मिलीमीटरमध्ये मोजला जातो. मणी फुगण्याच्या काळात ताण बसला, की माल हातचा गेला. पण त्याच वेलीला उन्हाळ्यात मात्र थोडा ताण हवा असतो. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होत असतात. या वेळी पाणी सढळ हाताने सोडलं, तर वेल नुसती पानं वाढवत बसते आणि डोळ्यात घड धरत नाही. म्हणून जाणता बागायतदार तेव्हा पाण्याचा हात आखडता घेतो. पण किती आखडता? थोडा की खूप? सगळा खेळ इथे आहे. ताण द्यायचा असेल तर तो मोजता यायला हवा.

जमिनीतला ओलावा मोजून चालणार नाही का? मोजतातच. मातीत पुरायचे सेन्सर आहेत, टेन्शिओमीटर आहे. पण ते माती काय म्हणते ते सांगतात. ठिबकचा ड्रिपर मातीचा एक लहानसा पट्टा भिजवतो आणि मुळं कुठे कुठे पोचलेली असतात, हे वेलीलाच ठाऊक. त्यामुळे खात्रीचा मार्ग एकच. वेलीलाच विचारायचं.

पान तोडा, दाब द्या

वेलीला विचारण्याची जुनी आणि आजही सर्वात भरवशाची मानली जाणारी पद्धत म्हणजे प्रेशर चेंबर. पान दिवसभर हवेत पाणी सोडत असतं आणि मुळांकडून पाणी वर ओढत असतं. या ओढाताणीत देठातलं पाणी ताणलेल्या रबरासारखं असतं. पान कापलं की ते पाणी आत खेचलं जातं. मग ते पान एका जाड धातूच्या डब्यात ठेवायचं, देठाचं टोक तेवढं झाकणातून बाहेर काढायचं आणि आत नायट्रोजन वायूचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. देठाच्या कापावर पाण्याचा थेंब चमकला, की तिथे थांबायचं. जेवढा दाब लागला तेवढीच त्या पानाची तहान.

आकडे ऐकाल तर चाट पडाल. कॅलिफोर्नियातल्या बागांसाठी वापरल्या जाणाऱ्या ढोबळ मोजपट्टीनुसार, भर दुपारी १० बारपर्यंत दाब लागला तर वेल खुशीत आहे. १० ते १२ म्हणजे सौम्य ताण, १२ ते १४ मध्यम आणि १६ च्या वर गेला तर मामला गंभीर. आता आपल्या कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते. म्हणजे मध्यम ताणातलं एक नाजूक पान टायरच्या पाचपटीहून जास्त ओढ सहन करत उभं असतं. आपल्याला दिसतं ते हिरवं हिरवं गार!

हे यंत्र गाजवलं पेर शोलँडर या अवलिया शास्त्रज्ञाने. १९६५ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात या पद्धतीवरचा पेपर छापला. उंचच उंच डग्लस फर वृक्षांच्या शेंड्याची पानं हवीत, पण एवढ्या वर चढणार कोण? शोलँडरच्या टीमने रायफलने नेम धरून डहाळ्या खाली पाडल्या! झाडाची तहान मोजण्यासाठी गोळीबार, हे विज्ञानातच होऊ शकतं.

पद्धत पक्की आहे, पण कटकटीची. मोजणी भर दुपारी, उन्हात. प्रत्येक मोजणीला एक पान खर्ची. गॅसचा सिलिंडर बरोबर वागवायचा. एक माणूस दुपारच्या त्या दोनेक तासांत मोजकीच पानं तपासू शकतो आणि बागेत वेली असतात हजारो. एका कोपऱ्यातल्या दहा पानांवरून अख्ख्या बागेचा निकाल लावायचा, म्हणजे एका फ्लोअरवरच्या दहा जणांना विचारून सगळ्या कंपनीचा मूड ठरवण्यासारखं झालं.

माठाचा फण्डा

हॉस्पिटलमध्ये कसं, रक्त काढायचं म्हटलं की सुई आली. ताप बघायचा तर थर्मामीटर पुरतो. वेलीच्या बाबतीतही शास्त्रज्ञांना असा थर्मामीटर हवा होता. त्याचं तत्त्व आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होतं. माठ!

माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून आतलं पाणी गार. पानाचंही तेच. पानाच्या खालच्या बाजूला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. शाळेत आपण त्यांना पर्णरंध्रं म्हणून पाठ केलं होतं. ती उघडी असली की पाण्याची वाफ बाहेर जाते आणि पान गार राहतं. ही गारवा देण्याची ताकद काही साधीसुधी नाही. चहासाठी एक लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना शोषून घेतं.

आता वेलीला तहान लागली. पाणी वाचवायला हवं. मग ती छिद्रं मिटून घेते. पाणी वाचतं, पण गारवा बंद. पान तापू लागतं. पाणी भरपूर मिळालेल्या वेलीची पानं कोरड्या हवेत भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार असतात. तहानलेल्या वेलीची पानं हवेपेक्षाही गरम होतात. म्हणजे ताण बसला की वेलीला चक्क ताप येतो!

आणि ताप लांबूनही मोजता येतो. २०२० साली मॉलच्या, ऑफिसच्या दारात कपाळावर रोखलेली ती 'बंदूक' आठवते ना? प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार इन्फ्रारेड किरणं बाहेर टाकते, ती बंदूक तेवढी टिपते. तीच गोष्ट पानावर रोखायची. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या जलसंधारण प्रयोगशाळेत शेरवूड इड्सो, रे जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकांवर हेच केलं आणि १९८१ मध्ये 'क्रॉप वॉटर स्ट्रेस इंडेक्स' मांडला. शून्य म्हणजे पीक निवांत, एक म्हणजे छिद्रं पार बंद. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. नुसतं तापमान बघून भागत नाही, हवा किती कोरडी आहे तेही बघावं लागतं. दमट दिवशी माठातलं पाणी तरी कुठे गार होतं? तसंच दमट हवेत धडधाकट वेलीचं पानही फारसं गार होत नाही. तेवढ्यावरून तिला आजारी ठरवलं तर फुकटचं पाणी सोडलं जाईल.

एक पान ओलं, एक पान व्हॅसलिनचं

इन्फ्रारेड कॅमेऱ्याने अख्ख्या वेलीचा रंगीत फोटोच मिळतो. गार भाग निळा, गरम भाग लाल-पिवळा. दिसायला एकदम झकास. पण त्यात एक गोची असते. चांगला थर्मल कॅमेरा दोन पानांमधला अंशाच्या दहाव्या भागाइतका फरक ओळखतो. पण पानाचं नेमकं तापमान सांगताना तो दोन अंशांनी इकडेतिकडे होऊ शकतो. आणि इथे तर सगळा निर्णय दोन-चार अंशांवर ठरायचा असतो.

यावरचा तोडगा इतका घरगुती आहे, की हसू येईल. बागेतली दोन पानं निवडायची. एकावर पाणी फवारायचं. ते झालं 'गार' टोक. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅसलिन फासायचं. छिद्रं बुजली, वाफ बंद. ते झालं 'गरम' टोक. मग कॅमेऱ्यातलं प्रत्येक पान या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतं तेवढंच बघायचं. कॅमेऱ्याची चूक दोन्हीकडे सारखी, त्यामुळे ती आपोआप वजा होते. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाचे हॅम्लिन जोन्स आणि त्यांच्या पोर्तुगीज सहकाऱ्यांनी २००२ मध्ये द्राक्षवेलींवर अशा पद्धतीने थर्मल फोटोंतून छिद्रांची उघडझाप टिपता येते, हे दाखवून दिलं. लाखमोलाचा कॅमेरा आणि बाथरूमच्या कपाटातली व्हॅसलिनची डबी, दोघांची जोडी जमली ती अशी.

कॅमेऱ्याशिवायही वेलीला न दुखवता विचारायचे मार्ग आहेत. खोडावर बाहेरून टेकवलेला डेंड्रोमीटर हा एक. दिवसा पाण्याची ओढ वाढली की वेलीचं खोड किंचित बारीक होतं आणि रात्री पुन्हा भरतं. हा फरक मिलीमीटरच्या बारक्या अंशात असतो, पण सेन्सर तो चोवीस तास नोंदवत राहतो. दिवसाचं आकसणं वाढलं आणि रात्रीचं भरणं अपुरं पडू लागलं, की समजायचं, वेल अडचणीत आहे. मण्यात पाणी उतरल्यानंतर मात्र खोडाची वाढ मंदावते आणि हा इशारा तितका बोलका राहत नाही.

आणि ते हिरवे-पिवळे उपग्रहाचे नकाशे? त्यातला 'एनडीव्हीआय' नावाचा निर्देशांक बागेत पानोरा किती आणि किती हिरवा आहे ते सांगतो. आज दुपारची तहान त्यात दिसत नाही. पानं पिवळी पडली की तो बोलतो, म्हणजे ताप उतरल्यावर अशक्तपणा मोजण्यातला प्रकार.

शिराझ हो म्हणते, ग्रेनाश नाही म्हणते

इथवर सगळं सोपं वाटलं असेल, तर आता खरी मजा. सगळ्या वेली तहानेला सारख्या वागत नाहीत. तुमच्या टीममध्ये दोन प्रकारचे लोक असतातच. एक, जो काम वाढतंय असं दिसताच 'सॉरी, मला जमणार नाही' म्हणून सातला लॅपटॉप बंद करतो. दुसरा, जो हसतमुखाने 'हो, देतो ना' म्हणत रात्री अकरापर्यंत बसतो आणि एक दिवस थेट आडवा होतो.

जर्मनीतल्या गायझेनहाइमचे हान्स शुल्ट्झ यांनी २००३ मध्ये ग्रेनाश आणि सिराह या दोन जातींचं असंच काहीसं वेगळेपण मांडलं. ग्रेनाश पाणी कमी पडताच लगेच छिद्रं मिटते आणि पानातली ओढ फार वाढू देत नाही. सिराह छिद्रं बराच वेळ उघडी ठेवते, गार राहते, पण आतून ओढ वाढत जाते. ही सिराह म्हणजेच आपल्या नाशिकच्या वाइनयादीतली लाडकी शिराझ! माती आणि हवामानानुसार एकाच जातीचं वागणं बदलू शकतं, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. तरी मुद्दा राहतोच. थर्मल कॅमेरा छिद्रं बघतो, आतली ओढ बघत नाही. ग्रेनाशचा ताप लवकर दिसेल. शिराझ मात्र चेहऱ्यावर काही न दाखवता बरंच सोसून जाईल. म्हणून जो आकडा एका जातीला 'पाणी सोडा' म्हणून सांगतो, तो दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही. प्रेशर चेंबर त्यामुळेच अडगळीत गेलेला नाही. प्रत्येक बागेत, प्रत्येक जातीसाठी कॅमेऱ्याचे आकडे आधी त्याच्याशी ताडून बघावे लागतात.

अंतराळातून तहान

एक वेल झाली, एक बाग झाली. शेकडो एकरांचं काय? याचं उत्तर शोधायला कॅलिफोर्नियात २०१३ साली 'ग्रेपेक्स' नावाचा प्रकल्प सुरू झाला. अमेरिकेच्या कृषी खात्याची संशोधन संस्था, नासा, यूटा स्टेट विद्यापीठ आणि ई. अँड जे. गॅलो ही बडी वाइन कंपनी असे सगळे त्यात उतरले. पहिल्या प्रयोगाच्या बागा होत्या लोडाय गावाजवळच्या, पिनो न्वारच्या. बागेत उभे केलेले मनोरे वेलींवरून जाणारी वाफ मोजत, वरून ड्रोन थर्मल फोटो काढत आणि त्याच्याही वर उपग्रह. या तिन्ही मजल्यांचे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते तपासायचं.

अडचण मोठी होती. द्राक्षाची बाग म्हणजे एकसंध हिरवा गालिचा नसतो. वेलींची रांग, मग मोकळी माती किंवा गवत, मग पुन्हा रांग. दुपारी उघडी माती पानांपेक्षा कितीतरी जास्त तापते. लँडसॅट ८ उपग्रहाच्या थर्मल फोटोतला एक ठिपका जमिनीवर १०० मीटर बाय १०० मीटर, म्हणजे पुरा एक हेक्टर. त्यात वेल, माती, गवत सगळ्यांचं तापमान एकत्र कालवलेलं. त्यातून वेलीचा ताप वेगळा काढायचा, म्हणजे मिसळीतून नुसत्या मटकीची चव ओळखण्यासारखं! ग्रेपेक्समधल्या शास्त्रज्ञांचं बरंचसं काम हा हिशेब सोडवण्याचंच आहे. २०१८ मध्ये नासाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर 'इकोस्ट्रेस' हे खास वनस्पतींची तहान बघणारं उपकरण बसवलं. २०२१ मध्ये 'ओपनईटी' सुरू झालं आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांतल्या शेतकऱ्यांना आपल्या शेतातून किती पाणी हवेत गेलं, याचा अंदाज ऑनलाइन मिळू लागला.

एवढा खटाटोप हौस म्हणून नव्हता. २०१२ ते २०१६ या काळात कॅलिफोर्निया भीषण दुष्काळातून गेलं. २०१४ मध्ये भूजल किती उपसायचं यावर लगाम घालणारा कायदा तिथे झाला. पाणी मोजून मिळणार असेल, तर ते मोजूनच द्यावं लागणार.

आणि आपलं नाशिक?

नाशिकच्या वाइनची नाळ कॅलिफोर्नियाशी आधीपासून जुळलेली आहे. सिलिकॉन व्हॅलीतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी सुला उभी केली, ती कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना सोबत घेऊन. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. तिकडची वाइन इकडे रुजली, मग तिकडचा थर्मामीटर का नाही?

दुष्काळाच्या बाबतीत तर आपण कुणालाच हार जाणार नाही. एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोचवलं जात होतं आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या महिन्यानंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते. अशा वर्षांत कितीतरी बागायतदार विकतच्या टँकरवर बागा जगवतात. द्राक्षाची बाग म्हणजे एका हंगामाचं पीक नव्हे; मांडव, ठिबक, रोपं यांत कर्ज काढून घातलेली कित्येक वर्षांची गुंतवणूक. एक हंगाम बुडाला तर सोसता येतो, वेलच मेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विकतचा टँकर आज रिकामा करायचा की दोन दिवस थांबायचं, हा प्रश्न तिथे कुटुंबाच्या बँक बॅलन्सचा असतो. उगाच सोडलेलं पाणीही पैसा आणि उशिरा सोडलेलंही पैसाच.

पण कॅलिफोर्नियाचं मॉडेल उचलून इथे ठेवता येत नाही. पहिलं कारण, शेतांचा आकार. उपग्रहाचा एक हेक्टरचा ठिपका म्हणजे जवळजवळ अडीच एकर. निफाड-दिंडोरीत तेवढ्यात दोन भावांच्या दोन बागा आणि बांधावरची बाभळ असं सगळं येऊ शकतं. दुसरं, आपली हवा. हिवाळ्या-उन्हाळ्यात कोरडी हवा असते तेव्हा थर्मल पद्धत चांगली चालते. जूनपासून ढग आणि दमटपणा आला, की तिचा जोर ओसरतो. तिसरं, वीज. सेन्सरने दुपारी दोनला 'पाणी द्या' असा मेसेज केला तरी शेतीपंपाला लाइट येणार रात्रीच्या पाळीत. चौथं, प्राधान्यक्रम. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने बागांचं जे नुकसान केलं, ते बघितलेला माणूस पहिला पैसा फवारणीला ठेवतो आणि मग सेन्सरचा विचार करतो.

तरीही वारं फिरतंय. बागेत हवामानाचं छोटं स्टेशन आणि मातीतले सेन्सर बसवून मोबाइलवर सल्ला देणाऱ्या कंपन्या नाशिक पट्ट्यात पोचल्या आहेत. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि हवामान बघून पाण्याचं वेळापत्रक कसं बदलायचं, याचा सल्ला तिथून बागायतदारांना मिळत असतो. मोबाइलला जोडायचे छोटे थर्मल कॅमेरे २०१४ पासून बाजारात आहेत. ड्रोनने एका दुपारी शेजारच्या पाच-दहा बागांचे फोटो मिळून काढून घेतले, तर खर्चही वाटला जातो. छोट्या शेताला झेपेल असा मार्ग बहुधा हाच आहे.

उपग्रहाच्या आघाडीवर तर आपलं स्वतःचं नाव आहे. भारताची इस्रो आणि फ्रान्सची सीएनईएस यांनी मिळून एक थर्मल उपग्रह आखला आहे. त्याचा ठिपका साधारण ६० मीटरचा, म्हणजे एकरापेक्षा किंचित लहान. फ्रान्सलाही द्राक्षबागांची काळजी, आपल्यालाही. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून त्याचं जे नाव ठेवलंय, ते ऐकून कुठल्याही मराठी माणसाला अर्थ सांगावा लागणार नाही. 'तृष्णा'!

यंत्रं सांगतील ती तहान किती ते. तिच्यातली किती भागवायची आणि किती राहू द्यायची, हे मात्र बागेत उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. लहान मणी हवाय की टपोरा, पुढच्या वर्षीचे घड महत्त्वाचे की आजची पानं, विहिरीत किती दिवसांचं पाणी शिल्लक आहे, हे कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. पण आज निर्णय घेताना त्याच्या हातात अंदाजाऐवजी आकडा असेल, तर एका टँकरचा तरी फरक पडेल. दुष्काळात एक टँकर म्हणजे काय, ते लातूरकरांना विचारा.

चौकट : बागेत गेलात, तर हे करून बघा

• दुपारीच जा. वेलीचा ताण भर दुपारी सर्वात जास्त असतो. सकाळी सगळ्याच वेली फ्रेश दिसतात, सोमवारी सकाळच्या आपल्यासारख्या नव्हे!

• पानाला हात लावा, तोडू नका. उन्हातलं पूर्ण वाढलेलं पान तळव्यावर टेकवा. गार लागलं तर वेल पाणी सोडतेय. कोमट लागलं तर तिने दारं लावून घेतलीत. दोन वेगवेगळ्या रांगांतली पानं लागोपाठ बघा, फरक चटकन कळेल.

• शेंडा बघा. काडी वाढत असेल तर टोकाजवळचे ताणे, म्हणजे त्या पकड घेणाऱ्या कोवळ्या दोऱ्या, शेंड्याच्या पुढे ताठ गेलेल्या दिसतात. त्या मलूल होऊन लोंबू लागल्या, की ताणाची सुरुवात. एक रुपयाही न लागणारा हा सेन्सर आहे. शेंडे खुडलेले असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही.

• गाइडला विचारा. 'पाणी कधी द्यायचं ते तुम्ही कशावरून ठरवता? कॅलेंडरवरून, मातीवरून की वेलीवरून?' टूरच्या ठरलेल्या स्क्रिप्टबाहेरचा हा प्रश्न आहे. उत्तरातून त्या बागेबद्दल बरंच काही कळेल.

• शिराझ आणि शेनिन ब्लांक शेजारी असतील तर दोन्हींची पानं एकाच वेळी तपासा. दोघींचा स्वभाव वेगळा निघाला, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.